सरकारी शाळेला हाउसकीपिंग एजन्सी लावली, वर्षभराचा अनुभव, ५ पैकी साडेतीन स्टार

रेटिंग आधीच सांगून टाकते, साडेतीन. चार देणार होते पण सुट्टीच्या पगाराचा जो घोळ घातला त्याचा अर्धा कापला, ते पुढे सांगते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली एजन्सी आहे, ऑफिसं, सोसायट्या, एकदोन क्लिनिक असं काम करतात आणि आता शाळाही घेतात. नाव टाकत नाहीये, कारण मला एजन्सीपेक्षा कंत्राट कसं करायचं ह्यावर जास्त लिहायचंय. हीच एजन्सी शेजारच्या गावातल्या शाळेत अगदी रद्दड काम करते आणि आमच्याकडे चांगलं करते, मालक तोच, फिनाईल तेच, मॉप तेच, फरक फक्त कागदावर काय लिहून घेतलं आणि माणसाला किती तास दिले ह्याचा आहे.

आमच्याकडे एकाच आवारात सरकारी प्राथमिक आणि हायस्कूल दोन्ही. मुलगा तिसरीत, मुलगी सातवीत, त्यामुळे दोन्हीकडच्या पालक शिक्षक संघाच्या मीटिंगांना मी असतेच. जुना भाग चिऱ्यांचा नि नळ्यांच्या छपराचा, त्याला लागून नवी स्लॅबची बिल्डिंग, मुलं सगळी मिळून दीडशेच्या आसपास. पूर्वी एक कायमचा शिपाई होता, तो रिटायर झाला, जागा भरली गेली नाही, मग वाड्यावरची एक बाई सकाळी येऊन झाडून जायची, तिला पालक संघ पैसे द्यायचा, आणि संडास कधी कोणी धुवायचं ह्यावर दर मीटिंगला वाद. एमटीएस (मल्टि टास्किंग स्टाफ) म्हणून जो माणूस आहे तो ऑफिसचे कागद नेणं, बेल मारणं, टपाल ह्यातच असतो, त्याच्याकडून संडासाची अपेक्षा करणं बरोबरही नाही.

लोक म्हणतात सरकारी शाळा आहे तर सरकार बघेल. बघूया काय बघतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींना वेगळी टॉयलेट हवीत, पिण्याचं पाणी हवं, असं सगळं लिहिलंय, पण ते टॉयलेट रोज धुणारा माणूस हवा असं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे बांधकाम होतं, उद्घाटन होतं, फोटो येतो, आणि सहा महिन्यांनी कुलूप लागतं. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाची एकत्रित ग्रँट येते, १०१ ते २५० मुलं असतील तर ५०,००० रुपये, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असा नियम आहे. १० टक्के म्हणजे ५,०००, ते बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला चारशे सोळा. ह्यात माणूस सोडा, साबण नि फिनाईलही धड होत नाही. शाळा त्याहून जास्त खर्च करू शकते पण त्याच ग्रँटमधून खडू, वीज, किरकोळ दुरुस्ती सगळं असतं. म्हणून आम्ही पालकांची वर्गणी, माजी विद्यार्थ्यांची मदत आणि ग्रँटचा वाटा असं एकत्र करून एजन्सीला बोलावलं. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव केला, कायद्याप्रमाणे तिथे तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका, आणि खरं सांगते, बायका निम्म्या होत्या म्हणूनच हा ठराव पास झाला, नाहीतर पैसे कंपाउंडच्या गेटला गेले असते.

आता कोटेशन. पहिलं कोटेशन आलं त्यात एक माणूस, मटेरियल, सर्विस चार्ज आणि शेवटी १८ टक्के जीएसटी. समितीतला एक पालक अकाउंटचं काम करतो, तो लगेच म्हणाला हे कशाला लावलंय. पूर्वप्राथमिकपासून हायर सेकंडरीपर्यंतच्या शाळांना शाळेच्या आवारात दिलेल्या साफसफाई, हाउसकीपिंग आणि सिक्युरिटी सर्विसवर जीएसटी माफ आहे, २०१७ च्या नोटिफिकेशनपासूनच. एजन्सीवाल्याने आधी आमच्या सिस्टिममध्ये तसंच येतं वगैरे सांगितलं, मग त्याच्या सीएला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी काढून दिलं. बिल मात्र शाळेच्या नावाने घ्या, पालक संघाच्या नावाने नको, कारण माफी शाळेला दिलेल्या सर्विसवर आहे. ह्या एका ओळीत आमचा साबणाचा अख्ख्या वर्षाचा खर्च सुटला, त्यामुळे कोटेशन हातात आलं की पहिलं हेच बघा.

दुसरं बघायचं ते कामगाराचा पीएफ आणि ईएसआय, म्हणजे सरकारी आरोग्य विमा. मालकाचा पीएफचा भाग सगळं धरून १३ टक्के होतो, ईएसआयचा ३.२५, कामगाराचा ईएसआय ०.७५. हे कोटेशनमध्ये वेगळं दाखवलेलं असावं, आणि भरल्याचं चलन दर महिन्याच्या बिलाबरोबर मागावं. नुसतं "ऑल इन्क्लुसिव्ह" लिहिलेलं कोटेशन आलं तर परत पाठवा. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर काम करून घेणाऱ्यावर जबाबदारी येते, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या लेबर कोडमध्येही आहे, म्हणजे उद्या साफसफाई करणारी मावशी पगारासाठी मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहिली तर "एजन्सीला विचार" एवढं सांगून सुटका नाही. आणि कायदा सोडा, माणुसकी म्हणूनही नाही.

आता मुख्य गोष्ट, तासांची. एजन्सीवाला पहिल्या भेटीत टेप घेऊन आला, वर्ग मोजले, व्हरांडा मोजला, आणि म्हणाला एवढ्या एरियाला एक माणूस दोन तास खूप झाला, आमचा एक माणूस तीन शाळा करतो. ऐकायला बरोबर वाटतं. बाहेरच्या देशातही एरियावरच माणसं ठरवतात, अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००३ मध्ये शाळांच्या देखभालीसाठी मार्गदर्शन काढलं त्यात स्वच्छतेच्या पाच लेव्हल आहेत, पहिली सगळ्यात चकाचक, तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे बहुतेक शाळांना चालते त्या, एक माणूस आठ तासांत २८,००० ते ३१,००० चौरस फूट करतो असं म्हटलंय, आणि पाचव्या लेव्हलला ८५,००० ते ९०,०००, जी मुलांच्या तब्येतीला चांगली नाही. पण त्यातच पुढे टॉयलेट, लहान मुलांचे वर्ग आणि जेवणाची जागा ह्यांना दुसरी लेव्हल लागते, तिथे तोच माणूस १८,००० ते २०,००० च करू शकतो असं आहे. हे आकडे तिकडचे, तिकडे बंद खिडक्या, मशीन, गरम पाणी. इकडे तांबडी माती, उघड्या जनेला, खाणपट्ट्यातली धूळ, आणि पाणी बाल्दीने न्यायचं. त्यामुळे तो आकडा उचलून आपल्याला लावता येत नाही, पण त्यातली एक गोष्ट इकडेही खरी, की वर्ग आणि संडास एकाच फुटपट्टीने मोजायचे नाहीत. आमच्या शाळेत टॉयलेटचा एरिया अख्ख्या शाळेच्या मानाने अगदी थोडा, आणि त्रास सगळा तिथेच.

पहिले काही महिने दोन तासवालंच कंत्राट होतं, समितीत बहुमत तिकडे होतं, स्वस्त म्हणून. एक मुलगा यायचा, तरुण, कामाला वाईट नव्हता, बाईकवरून यायचा, सातच्या आत संडास धुवून, वर्ग झाडून, नवाच्या आधी दुसऱ्या शाळेत. शाळा सुरू व्हायची तेव्हा सगळं चकाचक. मग साडेदहाला मधली सुट्टी, माध्यान्ह आहाराची पावभाजी, दीडशे मुलं दोन नळांवर हात धुणार, सगळी एकदम टॉयलेटला जाणार, आणि अकरा वाजता जाऊन बघितलं तर मुतारीत पाय ठेववत नाही, व्हरांड्यात भाजी सांडलेली, पावाचे तुकडे, कावळे, मुंग्या, आणि गेटाबाहेर कुत्री वाट बघत बसलेली. त्यानंतर शाळा सुटेपर्यंत अडीच तास मुली टॉयलेटला जायच्याच नाहीत. माझी मुलगी घरी आली की दप्तर टाकायच्या आधी बाथरूममध्ये पळायची, पाणी पीत नाही म्हणाली, कारण पाणी प्यायलं की जावं लागतं. हे ऐकल्यावर मी गप्प बसले नाही. सकाळी सातला धुतलेलं संडास हे सातला स्वच्छ असतं, मुलं वापरतात ते अकराला. एजन्सीला दोष द्यायचा तर काय देणार, त्यांनी लिहून दिलेलं काम लिहिल्याप्रमाणे केलं होतं.

मग कंत्राट बदललं. एक माणूस, सकाळी सात ते एक, फक्त आमच्याच शाळेत, आणि मधल्या सुट्टीनंतर टॉयलेट नि व्हरांड्याचा दुसरा राऊंड सक्तीचा. आठवड्यातून दोनदा एक मुलगा बाहेरच्या कामाला, गटारं, झाडांचा पाला, छताचे पन्हळ. पैसे वाढले, दुप्पट नाही पण चांगलेच वाढले, आणि त्यासाठी वर्गणी परत मागायला घरोघर फिरावं लागलं. पण मुली पाणी पितात आता. एवढ्यासाठी पैसे वसूल असं माझं मत आहे आणि ते मी मीटिंगमध्येही बोलले.

ज्या मावशी आल्या त्या जवळच्याच वाड्यावरच्या, आधी म्हापशाला एका हॉस्पिटलात हाउसकीपिंगला होत्या. त्यांचं काम मी एकदा सुट्टीच्या दिवशी बसून पाहिलं, कारण वर्गाची सगळी खोलवर साफसफाई होती आणि मदतीला काही पालक गेलो होतो. आम्ही सगळे लगेच झाडू घेऊन खाली सुरू. त्या म्हणाल्या, "बाय, आदीं वयर, मागीर सकयल." म्हणजे आधी वर, मग खाली. आणि खरंच, लांब काठीचा जाळ्यांचा झाडू घेऊन आधी वाशांमधली कोळिष्टकं, मग पंख्याची पाती, पात्यांना जुना उशीचा अभ्रा घालून धूळ आतल्या आत ओढून घेतली, एक कण खाली नाही, मग जनेलांचे गज, मग फळा, मग बाकांच्या खालची बाजू जिथे च्युइंगम असतं, आणि फरशी सगळ्यात शेवटी. सुकं काम आधी, ओलं नंतर, कारण तांबड्या मातीवर ओला पोछा मारला की लादीवर लाल रंगाचा लेप बसतो तो सुकल्यावर पुन्हा धूळ. आणि दोन बाल्द्या, एकीत फिनाईलचं पाणी, दुसरीत मॉप पिळायचा. एकाच बाल्दीने अख्खी शाळा पुसणारे मी भरपूर बघितलेत, ते पहिल्या वर्गातली घाण शेवटच्या वर्गापर्यंत नेतात.

कपड्यांचे रंगही त्यांनी ठरवले, लाल फक्त टॉयलेटला, निळा वर्गांना, हिरवा जेवणाच्या ठिकाणी आणि पाण्याच्या नळांना. एजन्सीने सगळे एकाच रंगाचे दिले होते, त्यांनी भांडून बदलून घेतले. मोठ्या हाउसकीपिंग कंपन्यांत ही पद्धत आहेच, शाळेत कोण बघतंय म्हणून देत नाहीत. मागून घ्या, किंमत काही जास्त नाही.

ॲसिडबद्दल वेगळं लिहायला हवं. एजन्सी मटेरियलमध्ये सुटं ॲसिड द्यायची, प्लास्टिकच्या कॅनमध्ये, लेबल नाही काही नाही. पिवळे डाग एका झटक्यात जातात त्यामुळे सगळ्यांना आवडतं. पण टाईल्सच्या मधल्या सिमेंटला ते खातं, सांध्यांत भोकं पडतात, मग त्यात मूत्र मुरतं आणि वरून कितीही फिनाईल टाका वास जात नाही, कारण वास आता लादीच्या खालून येतोय. आमच्या मुलग्यांच्या मुतारीचं तेच झालं होतं, शेवटी सांधे खरवडून परत भरून घ्यावे लागले. आणि त्याहून भयंकर, आधीच्या मुलाने एकदा ॲसिड टाकून त्यावर ब्लिचिंग पावडर मारली, जास्त स्वच्छ होईल म्हणून. ॲसिड आणि ब्लिचिंग एकत्र आलं की क्लोरीन गॅस होतो. तो खोकत खोकत बाहेर आला, डोळे लाल, नशीब मुलं यायची होती. कोणी त्याला शिकवलंच नव्हतं. हे एजन्सीचं सगळ्यात मोठं उणं, ट्रेनिंग शून्य, माणूस घेतला, टी-शर्ट दिला, पाठवला. आम्ही नंतर लिहूनच टाकलं की सुटं ॲसिड आवारात येणार नाही, साबणाचं पाणी, ब्रश आणि रोजचा हात, आणि डाग फार असेल तर बाजारात मिळतो तो नेहमीचा टॉयलेट क्लीनर, ब्लिचिंगपासून वेगळ्या कपाटात. हातमोजेही मावशींच्या मापाचे मागून घेतले, आधी दिलेले पुरुषी मापाचे, ते घालून ब्रश धरताच येत नव्हता म्हणून त्या काढूनच ठेवायच्या.

पावसाळ्याचं सांगते, कारण गोव्यात मेच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तीच पावसात. जूनमध्ये मुलं येतात ती गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, छत्र्या, रेनकोट, सगळं वर्गात टपटपतंय. सकाळचं पुसणं नवापर्यंतही टिकत नाही. ह्यावर एजन्सीने नाही, मावशींनीच उपाय काढला, व्हरांड्याच्या पायरीवर आधी जाड प्लास्टिकची जाळीवाली मॅट, तिथे चिखल झटकायचा, मग आत काथ्याचं पायपुसणं, आणि छत्र्या अडकवायला व्हरांड्यात दांडी. काथ्याचं पायपुसणं पावसात भिजून कुजतं म्हणून दोन ठेवले, एक सुकत असतं. पुसायचं काम निम्म्यावर आलं. शेवाळ मात्र वेगळं प्रकरण, चिऱ्यांच्या पायऱ्यांवर नि नळापाशी हिरवं बसतं, हिराच्या सारणीने, म्हणजे खराट्याने, आणि ताठ ब्रशने घासूनच काढावं लागतं, ते दर आठवड्याला नाही केलं तर एखादं मूल पडणार म्हणजे पडणार. हे काम कंत्राटात नव्हतं, एजन्सी म्हणाली बाहेरचं आमच्यात येत नाही. म्हणून तो दोन दिवसांचा मुलगा.

डासांचंही तसंच. डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्या-दहा दिवसांत डास तयार, म्हणजे आठवड्यातून एकदा कुंड्यांखालच्या बशा, तुटक्या बाल्द्या, टाकीचं झाकण, छतावर साठलेलं पाणी हे सगळं बघितलंच पाहिजे. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीत शाळा बंद असते, म्हणून कुलूप लावायच्या आधी सगळं ओतून पालथं घालायचं हे चेकलिस्टमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलंय. आणि मेच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की जो गटाराचा वास येतो ना, तो बऱ्याच वेळा घाणीचा नसतोच, टॉयलेटच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला जिथे थोडं पाणी साठून राहतं तिथलं, पाणी सुकलेलं असतं त्यामुळे पाइपातली हवा सरळ वर येते, झुरळंही त्याच वाटेने. सुट्टीत आठवड्याला एक तांब्या पाणी प्रत्येक जाळीत ओतलं तर विषय संपला. ह्यासाठी कोणी केमिकल विकायला आला तर घेऊ नका.

मशीनबद्दल थोडक्यात, एजन्सीने फरशी घासायचं मशीन डेमोला आणलं होतं. नव्या बिल्डिंगच्या लांब पॅसेजला ठीक, जुन्या भागात उंबरठे, खड्डे, बाकं, तिथे काही उपयोग नाही. नाही घेतलं.

सुट्टीच्या पगाराचं आता. एजन्सीचा हिशोब असा की शाळा बंद तर काम बंद, काम बंद तर पगार बंद. मे महिना, चवथ, दिवाळी, नाताळ, सगळं कापलं तर मावशींना वर्षात दोनेक महिन्यांचा पगारच नाही. मग कोण थांबेल? हॉटेलात, फॅक्टरीत बाराही महिने काम मिळतं. शेजारच्या शाळेत दर जूनला नवा माणूस येतो, त्याला टाकीचा कॉक कुठे, कुठल्या वर्गाचं छप्पर गळतं, कुठल्या मुलीला उलटीचा त्रास आहे, काही माहीत नसतं, आणि ते कळेपर्यंत परत सुट्टी. आमच्या मावशी पण मे महिन्यात सोडून जाणार होत्या. एजन्सीला म्हटलं सुट्टीत काम देतो, पगार द्या. त्यांनी बिल आमच्याकडून पूर्ण महिन्याचं घेतलं आणि मावशींना अर्ध्याच महिन्याचा पगार दिला. हे कळलं ते मावशींच्या पासबुकावरून, त्यांनी मुलीला बँकेत पाठवून एंट्री करून आणली म्हणून. समितीने पुढचं बिल अडवलं, तेव्हा उरलेले जमा झाले. ह्याचा अर्धा स्टार गेला, आणि खरं तर एक जायला हवा होता, पण नंतर त्यांनी पगाराची स्लिप बिलाला जोडायला सुरुवात केली आणि आजवर चुकवलेली नाही, म्हणून अर्धाच.

सुट्टीत काम नसतं हे तर साफ खोटं. वर्षभरात जे करता येत नाही ते सगळं मेमध्येच, बाकं बाहेर काढून धुणं, पाण्याची टाकी रिकामी करून घासणं, पन्हळ साफ करणं पाऊस यायच्या आत, पुस्तकांची कपाटं काढून वाळवी बघणं. मतदान केंद्र झालं की शाळेची जी अवस्था होते ती निस्तरायलाही माणूस लागतो, दुसऱ्या दिवशी बाकं एका खोलीत कोंबलेली, भिंतींना डिंकाचे कागद, आणि टॉयलेटबद्दल बोलायलाच नको. बारा महिन्यांचं कंत्राट करा, सुट्टीत तास कमी ठेवा हवं तर, पण माणूस तोडू नका.

रिलीव्हर हा शब्द कंत्राटात आहे का बघा. मावशी आजारी पडल्या तर त्या दिवशी दुसरं कोणी येणार का, किती वाजेपर्यंत, आणि नाही आलं तर बिलातून किती कापणार. आमच्या एजन्सीचं हे बरं आहे, सकाळी साडेसहाला फोन केला तर आठपर्यंत कोणीतरी पाठवतात, फक्त येणारा नवीन असतो म्हणून किल्ल्या, कपाट आणि रंगांचे कपडे कुठे हे भिंतीवर लिहून लावलंय, मराठीत आणि हिंदीत.

सुपरवायझर महिन्यातून येतो, गोड बोलतो, संडासाच्या दारामागे लावलेल्या चेकलिस्टवर सही करतो. त्या चेकलिस्टवर मी फारसा विश्वास ठेवत नाही, पहिल्या मुलाच्या वेळी शुक्रवारीच शनिवारच्या टिका मारलेल्या असायच्या. आता आम्ही वेगळं केलंय, रोज अकरा वाजता एक शिक्षिका जाऊन तीनच गोष्टी बघतात, पाणी आहे का, साबण आहे का, मुलींच्या टॉयलेटमधला झाकणाचा डबा रिकामा आहे का. हायस्कूलच्या मुलींसाठी तो डबा फार महत्त्वाचा, तो भरून वाहत असला तर मुली त्या दिवसांत शाळेतच येत नाहीत. पुरुष सुपरवायझरच्या यादीत तो डबा नव्हताच, मावशींनी घालायला लावला.

मुलांकडून साफसफाई करून घ्यावी का ह्यावर आमच्याकडे दोन गट आहेत. माझं मत, आपला वर्ग झाडणं, फळा पुसणं, डबा खाल्ला ती जागा उचलणं हे मुलांनी करावंच, सगळ्यांनी आळीपाळीने, मुलग्यांनीसुद्धा. संडास नाही. ते पगार घेऊन, हातमोजे घालून, शिकून करायचं काम आहे आणि ते कुठल्याच मुलावर शिक्षा म्हणून टाकायचं नाही, आणि कुठल्या मुलांवर ते टाकलं जातं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

तेवढंच महत्त्वाचं, सेप्टिक टँक. पावसात आमची टँक भरली तेव्हा एजन्सीवाल्याने सहज म्हटलं की आमचा मुलगा उतरून बघेल. मुख्याध्यापक सरांनी जागीच नाही म्हटलं, त्याबद्दल सरांना पूर्ण मार्क. २०१३ च्या कायद्याने माणसाला असं विनासुरक्षा टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, आणि आतल्या गॅसने माणूस मिनिटांत जातो. टँकर बोलवायचा, मशीनने उपसायचं, त्याचा खर्च वेगळा धरायचा. असं कोणी सुचवलं तर कंत्राट तिथेच थांबवायला हवं, आम्ही लेखी समज दिली.

घ्यावी का ही सर्विस, असं विचाराल तर दीडशे-दोनशे मुलांच्या शाळेला घ्यावी, वरच्या अटी लिहून घेऊन. वीस-पंचवीस मुलांची प्राथमिक शाळा असेल, सत्तरीत किंवा काणकोणात अशा खूप आहेत, तर एजन्सीचा सर्विस चार्ज परवडणार नाही, तिथे वाड्यावरचीच बाई ठरलेल्या पगारावर ठेवा, फक्त पगार बँकेत, महिन्याच्या महिन्याला आणि मे धरून. आमचं रिन्यूअल आता आहे, तेव्हा दोन गोष्टी नव्याने लिहून घेतोय, नव्या माणसाला कामावर पाठवायच्या आधी मावशींबरोबर आठवडाभर पगारी ट्रेनिंग, आणि मावशींना त्या ट्रेनिंगचे वेगळे पैसे. एजन्सीने पहिल्याला हो म्हटलंय, दुसऱ्यावर बोलणं चालू आहे.